इंदूर स्वच्छतेत नंबर वन आहेच, पण १०० वर्षांपूर्वी याच गावातून कचऱ्याचं खत करायची 'इंदूर पद्धत' जगभर गेली होती

स्वच्छ शहरांची यादी जाहीर होणार म्हटलं की वर कुणाचं नाव असेल हे आता विचारावं लागत नाही. २०१७ पासून इंदूर यादीच्या वरच्या टोकाला ठाण मांडून बसलंय. घरोघरी ओला-सुका वेगळा होतो, गाड्या वेळेवर येतात. २०२२ साली तर तिथे दिवसाला ५५० टन ओला कचरा जिरवून त्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प सुरू झाला. गॅसवर बस चालवायची, उरलेल्याचं खत करायचं.

यालाच आजकाल सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात. म्हणजे वस्तू बनवली, वापरली, फेकून दिली असा सरळ रस्ता नाही, तर जे उरलं ते पुन्हा कच्चा माल म्हणून आत घ्यायचं. रस्ता गोल करायचा.

पण तुमच्या ओळखीत कुणी कृषी पदविका केलेला असेल तर त्याला 'इंदूर' म्हणून बघा. त्याला स्वच्छ सर्वेक्षण नाही, कंपोस्टचा खड्डा आठवेल. कारण कंपोस्ट करायच्या एका पद्धतीचं नावच इंदूर पद्धत आहे. आणि त्या पद्धतीमागे एक इंग्रज साहेब आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्डचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा. इंग्लंडच्या श्रॉपशायर भागात बिशप्स कॅसल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा. डोक्याने तल्लख होता. लंडनला रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकला, पुढे केंब्रिजला गेला. शिक्षण पूर्ण करून १८९९ मध्ये त्याने नोकरी धरली ती थेट वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोसला.

काम होतं उसावरच्या बुरशीचे रोग शोधायचं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि शेतकऱ्यांना सल्ले द्यायचे. तिथेच त्याच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आपण ज्यांना सल्ले देतो ते पीक आपण स्वतः एकदाही घेतलेलं नाही. आपला सल्ला आपल्याच शेतावर फसला तर काय, हे आपल्याला माहीतच नाही.

शेतकऱ्याचा पोरगा होता, त्यामुळे ही गोष्ट त्याला जास्त टोचली असणार.

पुढे काही वर्षं इंग्लंडमध्ये काढून १९०५ साली तो भारतात आला. बिहारमधल्या पुसा या गावी सरकारने नवीन कृषी संशोधन संस्था काढली होती, तिथे त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. (दिल्लीत जिला आजही पुसा म्हणतात ती संस्था हीच. १९३४ च्या भूकंपात बिहारमधली इमारत पडली, संस्था दिल्लीला हलली आणि गावाचं नाव सोबत घेऊन गेली.)

त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव गॅब्रिएल. तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही, पण ती साहेबाची नुसती मेमसाहेब नव्हती. केंब्रिजमध्ये पानं प्रकाशात अन्न कसं तयार करतात यावर तिने केलेलं काम तेव्हाच नावाजलं गेलं होतं. पुसाला तीही पुढे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाली. पुढची २५ वर्षं दोघांनी जे काही केलं ते जोडीने केलं, आणि बहुतेक पेपरवर दोघांची नावं आहेत.

पुसामध्ये हॉवर्डने ७५ एकर जमीन मागून घेतली आणि स्वतः शेती करायला सुरुवात केली. पण शिकायचं कुणाकडून ?

आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून.

ब्रिटिश सरकारने त्याला पाठवलं होतं ते या लोकांना शिकवायला. याने बघितलं तर बिहारच्या रयतेची पिकं औषधं न मारताही बऱ्यापैकी निरोगी होती. मग तो त्यांचीच पद्धत बघायला लागला. मिश्र पीक का घेतात, डाळीचं पीक मध्ये का घालतात, किती खोल नांगरतात. शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले दोन गुरू आहेत असं तो उघड मानायचा. कीड का गुरू ? तर कीड जिथे पडते तिथे जमिनीचं किंवा पिकाचं काहीतरी बिनसलेलं असतं, ते ती दाखवून देते असं त्याचं म्हणणं होतं.

या काळात हॉवर्ड दांपत्याने गव्हाचे जे वाण काढले त्यातले पुसा ४ आणि पुसा १२ चांगलेच गाजले. दुसऱ्या कुणाचं यावर आयुष्य निघालं असतं.

पण हॉवर्डला एक गोष्ट डाचत होती. चांगलं बियाणं दिलं तरी जमीन उपाशी असेल तर त्याचा उपयोग काय ? आणि जमीन का उपाशी आहे हे शोधायचं तर पुसामध्ये अडचण होती. तिथे बुरशीवाला वेगळा, किड्यांवाला वेगळा, रसायनवाला वेगळा. प्रत्येकाचं खातं, प्रत्येकाची भिंत. हॉवर्डला बियाणं, माती, पाणी, बैल आणि शेतकरी हे सगळं एकत्र बघायचं होतं. त्यावरून खटके उडायला लागले.

शेवटी त्याने ठरवलं की आपली संस्था आपणच काढायची.

पैसा आला कापसातून. कापसावरच्या सेसच्या पैशातून चालणारी इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी तेव्हा नवीनच झाली होती. तिने मदत द्यायचं कबूल केलं, मध्य भारतातल्या संस्थानांनी वर्गणी घातली आणि होळकरांच्या इंदूर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. १९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. त्याच जागेवर आज इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे.

इथे हॉवर्डला एक महत्त्वाचा सहकारी मिळाला, यशवंत वाड. रसायनशास्त्र हा वाडांचा प्रांत. खड्ड्यात आज काय चाललंय, नत्र किती उडून गेलं, किती शिल्लक राहिलं, हे मोजणारा माणूस. पुढे जे पुस्तक जगभर गेलं त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने वाडांचंही नाव आहे.

आता मूळ भानगड काय होती ते बघू.

आपल्याकडच्या शेतात खत म्हणजे शेणखत. पण जळणाला लाकूड नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापायच्या. म्हणजे शेणाचा मोठा हिस्सा चुलीत जायचा. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून वाया. उरलेलं शेण उकिरड्यावर, ते उन्हापावसात पडून निम्मं निकामी व्हायचं. आणि दुसरीकडे पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट, तण, पालापाचोळा यांचे ढीग. ते एकतर जाळायचे नाहीतर बांधावर फेकायचे.

साहेब लोक यावर म्हणायचे की हिंदुस्थानी शेतकरी अडाणी आहे, शेण जाळतो. हॉवर्डने तसं म्हटलं नाही. चूल पेटवायला दुसरं काही नसेल तर बाई गोवरी थापणारच. म्हणून त्याने प्रश्नच बदलला. शेण जाळू नका असं सांगत बसण्यापेक्षा, जेवढं थोडं शेण उरतं त्यात जास्तीत जास्त काय करता येईल ?

याचं उत्तर त्याला एका पुस्तकात सापडलं. फ्रँकलिन किंग नावाचा अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ चीन, कोरिया, जपान फिरून आला होता. त्याच्या मृत्यूनंतर १९११ साली त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं. तिकडचे शेतकरी चार हजार वर्षं त्याच जमिनी कसताहेत आणि जमिनी थकलेल्या नाहीत, कारण ते काहीच वाया घालवत नाहीत, असं किंगने लिहिलं होतं. काडीकचरा, गाळ, राख, माणसाची विष्ठा, सगळं कुजवून परत शेतात.

म्हणजे कल्पना हॉवर्डची नव्हती. चीनच्या शेतकऱ्याची होती. हॉवर्ड, गॅब्रिएल आणि वाड यांनी केलं ते असं की या अनुभवाला माप दिलं. कुठल्याही शेतावर, कुठल्याही मजुराला करता येईल अशी कृती बसवली.

ती साधारण अशी होती.

सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद खड्डा. खोली मात्र दोन-तीन फूटच. कारण जास्त खोल गेलं की हवा पोचत नाही, आणि हवा नसली की माल कुजत नाही, सडतो. दोन्हीत फरक आहे. कुजलेल्याला जंगलातल्या मातीसारखा वास येतो, सडलेल्याला कसला येतो ते कुठल्याही डम्पिंग ग्राऊंडशेजारी राहणाऱ्याला विचारा.

पऱ्हाट्या कडक, सहज कुजत नाहीत. मग त्या आधी रस्त्यावर अंथरायच्या. बैलगाड्या वरून जाऊन जाऊन त्यांचा भुगा होतो. यंत्र नको, वीज नको. मग वेगवेगळा पालापाचोळा एकत्र करून तो गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. रात्रभर त्यात शेण-मूत्र मिसळतं. गोठ्याची मूत्र मुरलेली मातीही दर काही महिन्यांनी खरवडून घ्यायची, कारण खरा नत्राचा खजिना तिथे.

मग खड्ड्यात थर. काडीकचऱ्याचा जाड थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर मूत्राची माती आणि लाकडाची राख, वर पाणी शिंपडायचं. पुन्हा तेच. भरताना तुडवायचं नाही, नाहीतर हवा जाते.

यात शेणाचं काम विरजणाचं. दह्याला जसं भांडंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसं थोडं शेण ढीगभर कचरा कुजवतं. काडीकचऱ्यात कर्ब भरपूर असतो पण नत्र कमी. जिवाणूंना दोन्ही लागतं. ३० ते ३३ भाग कर्बाला १ भाग नत्र असं मिश्रण जमलं की काम सुरू होतं, आणि खत तयार होईपर्यंत हे प्रमाण १० ला १ च्या आसपास येतं. वाड मोजत होते ते हेच.

काही दिवसांत खड्डा ६०-६५ अंशांपर्यंत तापतो. या उष्णतेत माशीच्या अळ्या, रोगाचे जंतू, तणाचं बी बरंचसं मरतं. तीन वेळा ढीग उलटापालटा करायचा आणि साधारण ९० दिवसांनी काळंभोर, भुसभुशीत खत उचलायचं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून तेवढे महिने जमिनीवरच ढीग लावायचे.

इंदूरच्या शेतावर ४० बैल होते. त्यांच्या जिवावर वर्षाला साधारण १००० गाड्या खत निघायला लागलं, म्हणजे एका बैलजोडीमागे ५० गाड्या. नुसतं शेण उकिरड्यावर टाकून एवढं खत कुठल्याच शेतकऱ्याला कधी मिळालं नसतं. यातला बहुतेक माल आधी जाळला किंवा फेकला जायचा.

हे सगळं जमत आलं आणि १९३० साली गॅब्रिएल गेली. पंचवीस वर्षांची जोडी तुटली. पुढच्या वर्षी हॉवर्डने नोकरी सोडली आणि तो इंग्लंडला परतला. त्याच १९३१ साली हॉवर्ड आणि वाड यांचं शेतीतल्या टाकाऊ मालावरचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. सगळी कृती, मापं, खर्च त्यात उघड देऊन टाकलेला होता. ज्याला हवं त्याने खड्डा खणावा.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये पेंढा कुजवायची रसायनाची एक पेटंट पावडर विकली जायची. हॉवर्डच्या पद्धतीत विकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि पुढे यातूनच त्याची भांडणं सुरू झाली.

केनियाच्या कॉफीमळ्यांपासून बंगाल-आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत, आफ्रिकेतल्या मक्याच्या शेतांपर्यंत इंदूर पद्धत पोचली. गांधीजींच्या 'हरिजन'मध्येही या पद्धतीची माहिती छापून आली. १९३४ साली हॉवर्डला 'सर' ही पदवी मिळाली.

त्याच वर्षी इंदूरच्या संस्थेतून एक पत्रिका निघाली. लेखक जॅक्सन आणि वाड. विषय होता वस्तीतली घाण. गावाचा केरकचरा आणि मैला याच पद्धतीने थर लावून कुजवला तर दुर्गंधी नाही, माश्या नाहीत आणि हाती खत येतं, असं त्यात प्रयोगानिशी दाखवलेलं होतं. इथे इंदूर पद्धत शेतातून शहरात शिरली. घनकचरा व्यवस्थापन हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी.

हॉवर्डचा मोठा मुद्दा मग यातूनच तयार झाला. धान्य, भाजी, दूध, कापूस, सगळं रोज खेड्यातून शहरात जातं. म्हणजे जमिनीचं सत्त्व शहरात जातं. परत काय येतं ? काहीच नाही. शहर ते कचरा म्हणून गाडतं नाहीतर गटारातून समुद्रात सोडतं. जमिनीतून जे घेतलं ते जमिनीला परत गेलंच पाहिजे, याला तो परतीचा नियम म्हणायचा. त्याच्या दृष्टीने कचरा कुठे टाकायचा हा प्रश्नच चुकीचा होता. तो कचरा नव्हताच, जमिनीचं थकलेलं देणं होतं.

याच्या उलट दिशेला तेव्हा रासायनिक खताची गाडी निघाली होती. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी हवेतून नत्र काढायचे कारखाने उभे राहिले, युद्ध संपल्यावर तेच नत्र पोत्यात भरून शेताकडे वळलं. पोतं फोडलं की पीक हिरवंगार. तीन महिने कोण थांबणार ?

हॉवर्डने १९४० साली आपलं गाजलेलं पुस्तक लिहिलं, 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट'. ते त्याने गॅब्रिएलला अर्पण केलं. त्यात रासायनिक खतांवर आणि प्रयोगशाळेत बसून शेती शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांवर त्याने सडकून टीका केली. जुने सहकारी दुरावले. पुरावा कमी आणि आवेश जास्त असा त्याच्यावर आरोप झाला, आणि तो काही अंशी खराही होता. कंपोस्टवर पिकलेलं खाल्लं की जनावरांचे आणि माणसांचे रोगच दूर राहतात, इथपर्यंत तो जायचा. इंदूरला प्रत्येक खड्ड्याचा नत्र मोजायला लावणाऱ्या माणसाने या दाव्याला तेवढं कडक माप लावलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या हिशेबात फारशी दिसत नाही. खड्डा उलटायचा कुणी ? इंदूरच्या शेतावर मजुरांना वेळेवर पगार आणि राहायला बऱ्यापैकी जागा मिळेल हे त्याने बघितलं होतं. पण शहराचा मैला आणि कचरा उचलणं हे आपल्याकडे ठरावीक जातींच्या माथी मारलेलं काम. खताचं मोल टनात निघालं, त्या हातांचं मोल काढायचं राहून गेलं. कचऱ्याच्या गाडीमागे हातमोज्यांशिवाय धावणारा माणूस बघितला की हा हिशेब अजून बाकी आहे हे कळतं.

परदेशात मात्र त्याचा शब्द रुजला. अमेरिकेत जेरोम रोडेल नावाच्या प्रकाशकाने हॉवर्ड वाचला, शेत घेतलं आणि १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. इंग्लंडमध्ये ईव्ह बाल्फर या बाईंनी त्याच विचारावर पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन उभी राहिली. आज मॉलमध्ये महागडं 'ऑरगॅनिक' लेबल दिसतं, त्याची एक मुळी अशी इंदूरच्या गोठ्यात आहे.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड वारला. भारताला स्वातंत्र्य मिळून दोनच महिने झाले होते. त्याच्या भारतातल्या कामाची सगळी हकिगत पुढे १९५३ मध्ये लुईझने पुस्तकात लिहून ठेवली. लुईझ म्हणजे गॅब्रिएलची बहीण आणि हॉवर्डची दुसरी बायको.

मग ही पद्धत एवढी सोपी होती तर आपल्या शहरांनी ती उचलून डम्पिंग ग्राऊंड बंद का नाही केली ?

एक कारण म्हणजे हॉवर्डच्या कचऱ्यात प्लॅस्टिक नव्हतं. बॅटरीचे सेल, सॅनिटरी पॅड, फुटक्या ट्युबलाइट नव्हत्या. १९३० च्या इंदूरमधला कचरा बहुतेक कुजणाराच होता. आज सगळं एका पिशवीत बांधून दिलं की त्यातून निघणाऱ्या खतात काच आणि पिशव्यांचे तुकडे येतात, शिसं-कॅडमियमसारखे जड धातू येण्याची भीती असते. असं खत शेतकरी फुकट दिलं तरी शेतात घालत नाही. मग गोल तुटतो तो तिथेच. आजच्या इंदूरने सुरुवात मशिनपासून न करता घराच्या दारात कचरा वेगळा करण्यापासून केली, त्याचं कारण हे.

दुसरं कारण मजुरीचं. ढीग तीनदा उलटायला माणसं लागतात. म्हणून हॉवर्डच्या मागून बंगळूर पद्धत आली, त्यात खड्डा भरून वरून लिंपून टाकायचा, उलटायची भानगड नाही, पण खताला वेळ जास्त. आणि आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तिसरा रस्ता काढला. जमिनीच्या वर विटांचं टाकं बांधायचं, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची, म्हणजे उलटायची गरजच नाही. थोडं शेण, भरपूर काडीकचरा आणि माती, हे गणित मात्र तेच. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला नाडेप म्हणतात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतांच्या बांधावर आजही ती टाकी दिसतात.

बाकी इंदूर पद्धत आणि बंगळूर पद्धत यांतला फरक लिहा, हा प्रश्न कृषीच्या परीक्षेला आजही पडतो. पोरं उलटणं, न उलटणं, ९० दिवस असं लिहून मार्क घेतात. त्या उत्तरात हॉवर्डचं नाव बहुतेक येतं. गॅब्रिएल आणि यशवंत वाड यांचं क्वचितच.